म्हाताऱ्याला बांधून ठेवलं ते दिवस

देवावर रुसायचं वय माझं नव्हतं. साठी जवळ आली होती, शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तरीही आमचे हे गेले आणि मी रवळनाथाच्या देवळाची वाट सोडली. कुणाशी वाद घातला नाही, घरातल्या देव्हाऱ्यातले देव उचलून ठेवले नाहीत. सकाळी दिवा लावत होते, फूल वाहत होते. पण समोर बसून बोलायची जी सवय लहानपणापासून होती, ती आटली. काय बोलणार? ह्यांच्या आजारपणात देवळात कौल लावला होता. उजवा, म्हणजे होकाराचा कौल मिळाला, गुरवाने प्रसादाचं पान माझ्या ओंजळीत टाकलं आणि मी ते पदराला बांधून धावत घरी आले होते. त्यानंतर महिन्याच्या आत हे गेले.

हे भजनात पखवाज वाजवत. दर सोमवारी दिवेलागणीनंतर देवळात भजन असे आणि चाळीसेक वर्षांत ह्यांचे फार थोडे सोमवार चुकले असतील. हृदय मोठं झालंय असं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. पखवाज बंद, देवळाची घाटी चढणं बंद. शेवटचे चार महिने ते घरात, आणि मी त्यांच्यावर पहारेकरी. सोमवार आला की दुपारपासूनच त्यांचा चेहरा बदलायचा. "गो, वाजवूचंय नाय मी. नुसतो बसान आयकतंय. आजचो दिवस जावंदे," असं लहान मुलासारखं म्हणायचे. मी नाही म्हणायचे. संध्याकाळी बेड्याला, अंगणाच्या फाटकाला, आतून कडी घालायचे. मग ते भिंतीकडे तोंड करून, उशीत डोकं खुपसून पडून राहायचे. ती पाठ मला अजून दिसते. शेवटी हे जायचेच होते, तर त्यांना देवळात जाऊ का दिलं नाही, या एका विचाराने नंतरचे माझे दिवस पोखरले होते. देवावर राग होता, त्याहून जास्त स्वतःवर होता.

माघात तो कुत्रा आला. देवळाच्या पायरीवर वर्षानुवर्षं पडून असायचा. तांबूस अंग, तोंडाभोवती पांढरं झालेलं, एक कान फाटलेला. त्याला नाव नव्हतं, सगळे 'म्हातारो' म्हणत. देवळाची पायरी सोडून तो माझ्या बेड्यापाशी का आला, ते मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला हाकललं असतं. पण तो खोकला. कोरडा, खोलवरून येणारा, शेवटी घशात काही अडकल्यासारखा खोकला. मी तांदूळ निवडत ओटीवर बसले होते, माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. ह्यांच्या आजारपणात चार महिने रोज ऐकलेला तो आवाज होता. दोन दिवस मी कानावर हात ठेवून काढले. तिसऱ्या दिवशी बेडं उघडलं आणि म्हटलं, "ये बाबा आत. बाहेर खोकू नको."

पेज दिली तर चार घोट घेऊन तो धापा टाकत खाली बसला. पोट फुगलेलं, फासळ्या मोजून घ्याव्यात. वाडीतला रिक्षावाला दाजी आमच्या ह्यांचा जुना मित्र. त्याच्या रिक्षातून म्हाताऱ्याला कुडाळला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि मला खुर्चीवर बसायला सांगितलं. "बाई, याच्या हृदयात जंत आहेत," त्या म्हणाल्या. "डासांमुळे होतात. शेवयांसारखे लांब असतात, हृदयात आणि फुफ्फुसाच्या नळ्यांत गुंता करून राहतात. उपचार आहे. पण वय झालेलं आहे याचं, आणि उपचारसुद्धा सोपा नाही." आधी महिनाभर गोळ्या, मग पाठीच्या स्नायूत खोल तीन इंजेक्शनं. जंत मेले की त्यांचे तुकडे रक्तातून फुफ्फुसात जातात. कुत्रा त्या काळात धावला, उसळला, नुसता जोरात चालला तरी जीव जाऊ शकतो. म्हणून काही महिने त्याला बांधून, शांत ठेवायचं. "जमेल तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं आणि डोळे भरले. डॉक्टरबाईंना वाटलं मी घाबरले. मी म्हटलं, "जमेल. मला सवय आहे."

गोळ्या सुरू केल्या. आमचे हे झोपायचे त्याच खोलीत खिडकीखाली गोणपाट घालून म्हाताऱ्याची जागा केली. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, तू स्वतःला आणखी एक आजारपण लावून घेतेयस." खोटं नव्हतं ते. पण खोटं नव्हतं हेही, की कितीतरी महिन्यांनी मला सकाळी उठायला कारण मिळालं होतं. गोळी गुळात लपवून द्यायची, तो गूळ चाटून गोळी बाहेर ठेवायचा. मग पुन्हा भातात. असे आमचे खेळ चालत.

अडचण इंजेक्शनाची होती. ते सहज मिळत नाही. डॉक्टरबाईंनी गोव्यात विचारलं, मुंबईत विचारलं. महिना संपत आला, होय-नाही काही कळेना. दुसरा सौम्य उपचार करू, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल आणि तेवढा काळ याचं हृदय टिकेल असं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. फाल्गुनातल्या त्या दिवशी मी पुढचं विचारायला म्हाताऱ्याला घेऊन कुडाळला गेले होते. आम्ही बाकावर बसलो होतो, तो माझ्या पायाशी. तेवढ्यात स्कूटरवरून एक बाई आली. चाळिशीची असेल, डोळे सुजलेले. तिने हातातला पुठ्ठ्याचा छोटा खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर, मी रेडीसून इलंय. आमच्या कुत्रीसाठी भावान भायरसून हाडलेली इंजेक्शनां. ती परवा गेली. एक पण फोडूक नाय. कोणाच्या उपयोगाक येयत काय बघा."

डॉक्टरबाईंनी खोका उघडला, कुप्यांची सीलं पाहिली, तारीख पाहिली. मग त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बाईनेही वळून बघितलं, आणि सगळं समजल्यासारखी ती सरळ जमिनीवर बसली. म्हाताऱ्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवत विचारलं, "नाव काय ह्येचा?"

"म्हातारो म्हणतत सगळे."

रडता रडता ती हसली. "माझी पण म्हातारीच होती," म्हणाली. मी तिचे हात धरले. ती उठली, ओढणीने तोंड पुसलं. "ह्येका बरो करा," एवढं म्हणून निघाली. मी तिचं नाव विचारलं नाही, तिच्या कुत्रीचंही विचारलं नाही. त्या गडबडीत राहूनच गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ती त्यांच्याकडे याआधी कधी आली नव्हती. रस्त्यावरची पाटी बघून आत आली असावी.

मी तेव्हा हा देवाचा हात आहे वगैरे म्हटलं नाही. इतकं सोपं नव्हतं माझं मन. उलट परतताना रिक्षात एक कडवट विचार आला, की तिची गेली म्हणून माझ्याकडच्याला मिळालं. हे कसलं देणं? पण म्हाताऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ते जड होतं, ऊन होतं.

पहिलं इंजेक्शन झालं. महिन्याने, चैत्रात, लागोपाठ दोन दिवस उरलेली दोन. घरात त्याला दोरीने खिडकीच्या गजाला बांधलं. दिवसभर गुपचूप पडून असायचा. पण सोमवारी संध्याकाळी वरच्या देवळातून टाळांचा पुसटसा आवाज आला की तो उठून उभा राहायचा. इतकी वर्षं त्या पायरीवर भजन ऐकलेला जीव. भुंकायचा नाही. दोरी ताणून दाराकडे तोंड करून उभा राहायचा, अंग थरथरायचं, घशातून बारीक आवाज काढायचा. मी त्याला दोन्ही हातांनी धरून खाली बसवायचे. "नाय रे बाबा. बस. जावचा नाय," म्हणायचे आणि माझाच आवाज मला ऐकवायचा नाही. चार महिने मी ह्यांना हेच सांगितलं होतं. त्याच खोलीत. देवाने मला पुन्हा त्याच जागी का उभं करावं? ज्याला तिकडची ओढ आहे त्याला धरून ठेवणारी मीच का? एका सोमवारी तो शांत झाल्यावर मी त्याच्या शेजारी फरशीवर पडले. ह्यांच्यासाठी मी नीट रडलेच नव्हते, हे तेव्हा समजलं.

शेवटच्या इंजेक्शनानंतर आठवड्याने त्याला ताप भरला. पेजेला तोंड लावेना. सकाळी खोकला तेव्हा गोणपाटावर रक्ताचे थेंब पडले. मी डॉक्टरबाईंना फोन केला. सुजेच्या गोळ्या माझ्याकडे होत्याच, त्या किती द्यायच्या ते त्यांनी सांगितलं. प्रवासाने आणखी दमेल म्हणून आणू नका म्हणाल्या. "त्याला हलू देऊ नका, गार जागी ठेवा. आता बाई, आपल्या हातात एवढंच."

दुपारी त्याचा श्वास इतका उथळ झाला की मी दर थोड्या वेळाने छातीवर हात ठेवून बघत होते. उन्हं रणरणत होती. मी अंगणात आले, तुळशीपाशी उभी राहिले. आमच्याकडे संकटात देवाला गाऱ्हाणं घालतात. ते मोठ्याने, पुरुषांनी, देवळात घालायचं. मी हळूच, एकटीने घातलं. "देवा महाराजा," म्हटलं, "तुझ्या पायरीवरचो जीव माझ्याकडे इलो. माका जमला तितक्या मी केलंय. माझ्या माणसाक पण असोच बांधून ठेवलंय मी, तांय तुका ठावक आसा. चुकला आसात तर माझा चुकला. आता हो जीव तुझो. ठेव नायतर ने. मी काय मागणंय नाय." शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. वाचव म्हणायला उभी राहिले होते. तोंडातून निघालं ते असं. आणि बोलून झाल्यावर मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले. किती महिन्यांनी मी देवाशी बोलले होते! रुसवा कधी सुटला, ते कळलंसुद्धा नाही.

आत गेले तेव्हा म्हातारा झोपला होता. उन्हं कलल्यावर त्याने डोळे उघडले, मान उचलून भांड्याकडे पाहिलं. बोटांनी पेज लावली तर ती चाटली, मग भांड्यातली थोडी प्याला. गोळ्यांचा गुण आला, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तसंच असणार. मी त्यांना तुळशीपाशी काय झालं ते सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी भजनाचे बुवा घरी आले. ह्यांच्यानंतर बाराव्याला आले होते तेवढेच. मीच देवळातल्या माणसांना तोंड दाखवत नव्हते. बुवा बेड्यातूनच म्हणाले, "वयनी, म्हातारो पायरीवर दिसना नाय. तुमच्याकडे आसा म्हणान दाजी सांगा होतो. बघूक इलंय." म्हाताऱ्याने शेपटी आपटली. बुवा त्याच्याजवळ उकिडवे बसले, दोरी बघितली. मी सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता, का कोण जाणे, तेही सांगून टाकलं, की ह्यांनाही मी असंच अडकवलं, शेवटचं भजनही ऐकू दिलं नाही.

बुवांनी म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आयकूक नाय खंयचा? वयनी, तो दर सोमवारी आयकी होतो. भजन सुरू करूच्या आधी मी त्येका फोन लावी आणि तो पेटीवर ठेवी. तो थंय उशीखाली फोन ठेवन पडान आयके. दुसऱ्या दिवशी माका सांगे, अमक्या अभंगात ठेको ढिलो पडलो म्हणान."

भिंतीकडे केलेलं ते तोंड. उशीत खुपसलेलं ते डोकं.

"माका कित्याक सांगूक नाय?" मी विचारलं.

"तोच नको म्हणालो. म्हणालो, ती करता तां बरोबरच करता, माझ्यासाठीच माका धरून ठेवता. मी चोरून आयकतंय ह्या कळला तर तिका उगाच वाईट वाटात." बुवांनी डोळे पुसले. "मी मागेच सांगतलंय होतंय. पण तुम्ही बेड्याची कडी काढी नाय होतास."

त्या दिवशी माझ्या छातीतलं जे मोकळं झालं त्याला मी नाव देऊ शकत नाही. मी अडवलं होतं, आणि तरीही जे त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं ते पोचत होतं. माझ्या नकळत, माझ्याच घरात. कृपा आपल्या परवानगीने येत नाही, हे मी भर साठीत शिकले. आपण आपलं धरणं, सोडणं, दार लावणं मनापासून करावं. त्यातून काय निघायचं ते तो बघतो.

ओढ संपली असं मात्र म्हणणार नाही. ह्यांची आठवण दुपारच्या शांततेत अजून अंगावर येते, आणि येऊ दे. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा म्हाताऱ्याच्या हृदयात जंत सापडले नाहीत. वय आहेच. आहेत ते दिवस आहेत. रेडीच्या त्या बाईसाठी मी रोज हात जोडते. तिचं नाव ठाऊक नसलं तरी ज्याला सांगायचं त्याला ठाऊक असेल.

आता सोमवारी आम्ही दोघं घाटी चढतो, चार ठिकाणी थांबत. तो पायरीवर बसतो, मी आत खांबापाशी. परवा भजन संपल्यावर बुवांनी पेटी मिटता मिटता विचारलं, "वयनी, आज देवाकडे काय मागलास?"

मी म्हटलं, "काय नाय बुवा. नुसती बसान रवलंय."