मंजुरीचा कोरा रकाना

तीन मार्च. रक्कम रुपये ४,३१८ फक्त. लिफ्टच्या दाराचं एक चाक, पट्टा आणि बसवण्याची मजुरी. तक्रार क्रमांक २२०७. सगळं जागच्या जागी होतं, फक्त ‘मंजुरी कोणाची’ हा रकाना कोरा होता.

हिशेबनिसाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोराच.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला एकतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला सात महिने उरले होते. पहिल्या नोकरीत एक पावती हरवली म्हणून मालकाने त्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं. दोन दिवसांनी हिशेबनिसाच्याच पिशवीत त्या पावतीची कार्बनची प्रत सापडली, तेव्हा मालक नुसता ‘बरं’ म्हणाला. त्या दिवसापासून दोन गोष्टी त्याच्या अंगात भिनल्या. प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची, आणि कोणावरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. बाजारातून आणलेली भाजी तो घरी पुन्हा तोलायचा. “माझंही वजन लिहून ठेवलंय का कुठे?” असं बायको विचारायची.

त्याने मागच्या तक्रारी एकेक उघडून पाहिल्या. अठ्ठावीस फेब्रुवारीपासूनच्या अकराच्या अकरा तक्रारींत रकाना कोरा. त्याआधीची एकही कोरी नाही. नव्या तक्रारी संगणकावर नोंदवणारी व्यक्ती एकच, तक्रार-खिडकीवरची बाई. तिच्या सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीतले पाच संपले होते. कायम करायचं की नाही, हे हिशेबनिसाच्या शेऱ्यावर ठरायचं होतं.

तो तिच्यावर नजर ठेवू लागला. ती फोनवर हळू बोलायची. तो जवळून गेला की एक छोटी डायरी खणात सारायची. तिचा दीर सुट्या भागांच्या धंद्यात आहे, हेही त्याने कोणाकडून तरी काढून घेतलं, आणि त्याच्या मनात सगळं जुळलं.

“बाई, भाग बदलायला मंजुरी कोण देतं?”

“व्यवस्थापकसाहेब. मी फोनवर विचारते.”

“मग लिहीत का नाही?”

“लिहू कुठे साहेब? तो रकाना येतच नाही आता माझ्याकडे.”

“माझ्याकडे बरा येतो!”

“मग तुमच्यावर मेहेरबान असेल.”

ते उत्तर त्याला फार झोंबलं. संध्याकाळी त्याने व्यवस्थापकांना चिठ्ठी लिहिली: कायम करू नये, कारण संशयास्पद नोंदी. व्यवस्थापकांनी बाईला सांगितलं, “उद्या येऊ नका, चौकशी होऊ दे.” ती पर्स उचलून निघाली तेव्हा हिशेबनीस मुद्दाम फायलीत डोकं घालून बसला होता.

“तिने पैसे खाल्ले, हे तुम्ही पाहिलंत?” बायकोने जेवताना विचारलं.

“अगं, रकाना कोरा आहे!”

“मग रकान्यानेच खाल्ले असतील.”

दुसऱ्या दिवशी पुरावा पक्का करावा म्हणून त्याने संगणक सांभाळणाऱ्या माणसाला बोलावलं. तो बाईच्या खुर्चीत बसला आणि नवी तक्रार उघडली. पडद्यावर मंजुरीचा रकाना नव्हता. हा तिला सामील आहे की काय, असंही हिशेबनिसाच्या मनात येऊन गेलं.

“साहेब, तुम्ही नोंदवलेली तक्रार उघडता, तेव्हा ‘तक्रार पाहणे’ हा साचा येतो. बाईंना ‘नवी तक्रार’ हा साचा येतो. दोन वेगळे छापील फॉर्म समजा. तुमच्यात रकाना आहे, तिच्यात नाही.”

“तिनेच काढला असेल.”

“तिला साच्यांना हात लावता येत नाही. थांबा, बघू. साचा शोधायचा क्रम ठरलेला असतो. सॉफ्टवेअर आधी कंपनीचा कप्पा, म्हणजे फोल्डर, उघडतं. तिथे त्या नावाचा साचा नसेल, तरच स्वतःच्या मूळ कप्प्यात जातं. तिथेही नसेल, तर सर्वसाधारण साचा घेतं. पहिला मिळाला की पुढे बघतच नाही. मी मंजुरीचा रकाना मूळ कप्प्यातल्या साच्यात घातलाय. कंपनीचा कप्पा तर रिकामा...”

तो थबकला. कप्पा रिकामा नव्हता. आत ‘नवी तक्रार’ नावाचा एक साचा होता, जुना, मंजुरीचा रकाना येण्याआधीचा. ठेवल्याची तारीख सत्तावीस फेब्रुवारी. ठेवणाऱ्याचं नाव हिशेबनिसाचं.

“माझा पासवर्ड कोणीतरी वापरलाय!”

तो तावातावाने आपल्या टेबलाशी गेला. त्याच्या रोजवहीत, त्याच्याच ठसठशीत अक्षरात, सत्तावीस फेब्रुवारीखाली लिहिलं होतं: ‘जुन्या कोऱ्या फॉर्मची प्रत कंपनीच्या रिकाम्या कप्प्यात सुरक्षित ठेवली.’ वार्षिक तपासणीसाठी फॉर्म जपून ठेवायची परवानगी त्यानेच मागून घेतली होती.

“अहो, पण मी तो वापरायला नव्हता ठेवला. जपायला ठेवला होता.”

“ते सॉफ्टवेअरला कसं कळणार साहेब? त्याला नाव जुळलं, त्याने घेतला.”

ती प्रत कप्प्यातून काढून टाकली. बाईच्या पडद्यावर रकाना परत आला.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, तिला परत बोलावलं. तिने खणातून डायरी काढून त्याच्यासमोर ठेवली. अकरा तक्रारींचे क्रमांक, पुढे मंजुरीची तारीख, वेळ. रकाना गेल्यापासून ती तिथे लिहीत होती. “लपवत का होतात?” त्याने विचारलं.

“तुम्ही म्हणाला असतात, ऑफिसचं काम घरच्या डायरीत कशाला.”

तो नक्की तेच म्हणाला असता. तरीही त्याने अकराही मंजुऱ्या व्यवस्थापकांकडून एकेक ताडून घेतल्या. अकराही बरोबर निघाल्या.

“आणि साहेब, माझ्या दिराची चौकशी केलीत म्हणे. त्याचं सायकलींचं दुकान आहे. लिफ्टला पॅडल लागतं का?”

हिशेबनिसाने मान खाली घालून दुसरी चिठ्ठी लिहिली. पहिली रद्द समजावी, चूक माझी, बाईंना कायम करावं. खाली पूर्ण सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका कागदाची प्रत ठेवायची विसरला.

बाई एक एप्रिलपासून कायम झाली. तिला घरी बसवलेल्या दिवसाचा पगार मात्र मार्चच्या यादीतून कापला गेला होता. ते ५४० रुपये कंपनीकडून तिला अजून येणे आहेत.