सतरा वर्षांची सुनंदा

ग्रामपंचायतीच्या मतदानाला मी नेहमीप्रमाणे एकटीच गेले. शाळेच्या फाटकाशी शेजारच्या गल्लीतली सुनंदा उभी होती. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. धाकट्या भावाला सांभाळून घर तीच चालवते.

"आत येत नाहीस का गं?"

"सतराच पूर्ण झालीत, काकू. मला कुठलं मत?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "बटण दाबताना आमच्या गल्लीच्या नळाचं लक्षात ठेवा."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी तिच्या नळासाठीच बटण दाबलं. पण जिचं ते मत होतं, ती बाहेर फाटकाशीच होती; तिथं मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

बाहेर आले, तर फाटकाशी कुणी नव्हतं. पलीकडे टँकर आला होता आणि सुनंदा हंडा घेऊन रांगेत उभी होती. तिथं तिला कुणी वय विचारलं नव्हतं.