दाजींच्या झोपेचा रिपोर्ट

अगं थांब, मेसेज नको, फोनवरच ऐक. आज सकाळी किनाऱ्यावर जे झालंय ना, ते टाइप करण्यासारखं नाहीये. पण थेट तेच सांगितलं तर तुला त्यातलं काही कळणार नाही. म्हणून मागचं थोडं ऐकून घे. इथे मालवणात येऊन सहा महिने झाले आणि माझ्या फील्ड डायरीत आकडे कमी, किस्से जास्त झालेत. मॅडम म्हणतात, "डेटा कमी पडला तर हेच छापू."

काम काय ते तुला ढोबळ माहितीये. काही घराण्यांत झोप नीट न लागणं आणि हार्टचा त्रास जोडीनं चालत येतात. दोन्हीचा जीन्समध्ये काही संबंध आहे का, ते बघायचं. म्हणजे घरोघर फिरून रक्त घ्यायचं, ईसीजी काढायचा, झोप मोजणारं घड्याळ मनगटावर बांधायचं. टीम तिघींची. डॉक्टर मॅडम, इथल्या गावची आशा वर्कर सुलभाताई आणि पुण्याहून आलेली मी.

* * *

पहिल्या दिवशी देवळाच्या मंडपात कॅम्प लावला. सुया, नळ्या, आइसबॉक्स, सगळं मांडून तयार. माणसं जमली, पण हात कोणी पुढे करेना. सुलभाताई म्हणाली, आधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं, त्याशिवाय इथे विहीरसुद्धा खणत नाहीत. तिचे सासरे उभे राहिले, नारळ हातात घेतला आणि आम्हा चेडवांसाठी, म्हणजे मुलींसाठी, खड्या आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, ही चेडवां पुण्यासून इलेली आसत. तेंका व्हया तितक्या रगत गावांदे, आणि उरलेला आमच्या अंगात रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा मंडप ओरडला. त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या मॅडमचा होता, ग्लोव्ह्ज घातलेले हात जोडून. दुपारपर्यंत नळ्या संपल्या.

* * *

आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, दुपारी किती वेळ झोपता? पूर्ण वाडीत एकच उत्तर, शून्य. मी खूश, एवढा क्लीन डेटा! मग एकदा दोन वाजता वाडीतून गेले, तर प्रत्येक पडवीत माणूस आडवा. घोरण्याचे आवाज रस्त्यावर. कुत्रीसुद्धा झोपलेली.

सुलभाताईला जाब विचारला, तर ती माझ्यावरच वैतागली. "अगो, ती झोप न्हय. ते जरा आडवे होतत."

मॅडमनी त्याच संध्याकाळी प्रश्न बदलला. दुपारी किती वेळ आडवे होता? दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. दीड तास, दोन तास, अडीच. मोठमोठ्या शहरांतले लोक एसी ऑफिसात बसून फॉर्म बनवतात ना, त्यांना हे जन्मात सुचलं नसतं. आमच्या मॅडम म्हणजे मॅडम आहेत!

* * *

आता दाजी. रापण म्हणजे काय ते सांगते. लांबलचक जाळं होडीतून समुद्रात टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. दाजी या रापणीचे म्होरके. वय पन्नासला टेकलेलं, दंड असे की मी दोन हातांत एक धरू शकत नाही. त्यांची मुलगी प्रणाली तारकर्लीला होमस्टेची बुकिंग बघते आणि सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर दोर ओढते. तिनेच आम्हाला घरी बोलावलं. दाजींचे आजोबा, वडील आणि मोठा भाऊ, तिघंही पन्नाशीच्या आसपास अचानक गेलेले, आणि तिघांनाही झोप नव्हती. दाजींचं तर हे भूषण. आमच्या घराण्याक झोप लागणा नाय, म्हणून तर मासळी आमका पयली दिसता, असं छाती काढून सांगतात.

मी वंशावळीचा तक्ता काढत होते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल आणि वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. दाजी वाकून बघत होते. तीन चौकोनांवर तीन रेघा, चौथा चौकोन त्यांचा. म्हणाले, "गो बाय, माझ्यार रेघ मारतलंस तेव्हा पेन्सिलीन मार. पेनान नको."

प्रणाली उठून आत गेली.

मग मॅडमनी त्यांना जीन्सचं सगळं समजावलं, चांगली वीस मिनिटं. दाजी शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे होड्यो दोन, झोप आणि काळीज. पण नांगर एकच, असाच मा?"

मॅडम म्हणाल्या, तसं असावं, तेच शोधतोय. आणि माहितीये, मागच्या महिन्यातल्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड कोणती होती? दोन होड्या, एक नांगर. खाली श्रेय दाजींना.

* * *

दाजींच्या मनगटावर सात दिवस घड्याळ बांधलं. रिपोर्ट आला तो बघून मॅडमना घाम फुटला. सोमवारी तीन तास झोप, मंगळवारी नऊ. बुधवारी तासातासाला जाग, गुरुवारी मेल्यासारखी गाढ. मॅडम दोन दिवस रिसर्च पेपर वाचत बसल्या. असा पेशंट कुठल्याच पुस्तकात नाही, आपल्याला काहीतरी नवीन सापडलंय, असं म्हणत होत्या. मी तर मनातल्या मनात बातमीचा मथळापण लिहिला.

शेवटी किनाऱ्यावर जाऊन दाजींनाच विचारलं. ते जाळं विणत बसलेले. मान वर न करता म्हणाले, रापणीत एकट्याचं काही नसतं. मासळीचे वाटे सगळ्यांना सारखे, आजारी माणसाचाही वाटा काढून ठेवायचा. मग एवढं भारी घड्याळ त्यांनी एकट्यानं कसं वापरायचं? चिठ्ठ्या टाकून रोज एकानं बांधलं.

"नऊ तासवालो तो आमचो बाबल्या," दाजींनी लांबच्या एका म्हाताऱ्याकडे बोट केलं. बाबल्याकाका तेव्हाही आडवेच होते.

मॅडम रागावतील असं मला वाटलं. त्यांनी पुण्याहून आणखी घड्याळं मागवली. सगळ्यांना वाटली, आणि दाजींना सांगितलं, आता तुमचं तुम्हीच घालायचं. या वेळी दाजींची खरी झोप आली. तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांत. त्यावर कोणी विनोद केला नाही.

* * *

पाठोपाठ त्यांचा ईसीजी. मॅडमनी तो दोनदा काढला आणि म्हणाल्या, उद्याच्या उद्या कोल्हापूरच्या हॉस्पिटलात. दाजी म्हणाले, सीझन संपल्यावर बघू. प्रणाली रडली, सुलभाताई भांडली, मी हात जोडले. काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीचा थवा अगदी किनाऱ्याला लागला होता. वर पक्षी घिरट्या घालतायत, पाणी नुसतं चमकतंय. दाजींनी हाक दिली. आणि कोणी हललंच नाही. बावीस माणसं वाळूत हात मागे बांधून उभी. बाबल्याकाका, जे बसल्याबसल्या झोपतात, ते पुढे आले.

"तू कोल्हापुराक जायसर आमी दोराक हात लावचे नाय."

दाजींनी शिव्या दिल्या. एकट्यानं होडी ढकलून बघितली. वाळूतून पाण्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. समोरून मासळी निघून चाललेली, आणि तिच्याकडे बघत बावीस घरं गप्प. शेवटी दाजी ओल्या कपड्यांनीच आमच्या गाडीत येऊन बसले.

ब्लॉकेज होतं. वेळेत सापडलं, अँजिओप्लास्टी झाली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर तिथे मॅडमना म्हणाले, तुम्ही चांगलं पटवलंत पेशंटला. मॅडम म्हणाल्या, आम्ही नाही. मला त्या बावीस माणसांचा इतका अभिमान वाटला की मी घरी आईला फोन करून रडले.

* * *

आता आजचं.

दाजी परत किनाऱ्यावर आलेत. दोर ओढायचा नाही, फक्त हाका मारायच्या, ही डॉक्टरांची अट. आज त्यांचा आणि प्रणालीचा जीन्सचा रिपोर्ट घेऊन मी गेले होते. दोघांची वेगवेगळी पाकिटं. नियम असा की ज्याचा त्याला द्यायचा, दुसऱ्याला अक्षर सांगायचं नाही. मॅडमनी मला दोन्ही समजावून दिले होते. प्रणालीचा नमुना बापासारखाच, धोक्याकडे झुकणारा आलाय. म्हणजे हा आजार नाही, ठरलेलं भविष्यही नाही. झोप सांभाळायची आणि आत्तापासून तपासण्या करत राहायच्या, एवढंच.

काल दाजी मला माडाखाली बाजूला घेऊन गेले होते. म्हणाले, "माझा काय ता माका सांग. पण चेडवाचा वायट इला तर तेका सांगू नको. ता माझ्यासारख्या जागा रवात."

मी म्हटलं, दाजी, ती मोठी आहे, तिचा रिपोर्ट तिला द्यावाच लागेल. ते पाठ वळवून जाळ्याकडे गेले.

आणि आज सकाळी गाडीतून उतरते तर प्रणाली वाटेतच उभी. मी पाकीट पुढे केलं. तिनं तिथेच फोडलं, वाचलं, घडी करून ओढणीच्या गाठीत बांधलं. म्हणाली, "बाबांका सांग, सगळा बरा आसा. तेंका वाटतला तेंच्यामुळे झाला. आता खंय ते पाच तास झोपूक लागलेत."

मी काही बोलायच्या आत ती धावत जाऊन दोराला लागली.

मी खाली वाळूत पोचले तेव्हा जाळं अर्धं बाहेर आलं होतं. दाजींनी मला बघितलं आणि हात वर केला. अख्खी रापण थांबली. दोर हातात ताणलेले, लाटा जाळ्यात शिरतायत, बाबल्याकाका टक्क जागे. दाजी माझ्यापर्यंत चालत आले. स्वतःचं पाकीट त्यांनी घेतलंसुद्धा नाही.

"माझा रवांदे," ते म्हणाले. "चेडवाचा बरा आसा मा? माझ्या तोंडाकडे बघून सांग."

त्यांच्या मागे प्रणाली दोर धरून उभी, एकटक माझ्याकडे बघत.

सांग ना, तू काय केलं असतंस?