स्वच्छ नक्कल

अमरावतीतल्या आमच्या खोलीत कोर्टाचे जुने कागद स्कॅन होऊन येतात आणि आम्ही तिघं त्यातल्या चुका काढतो. चुका कमी होतात की नाही देव जाणे, किस्से मात्र रोज वाढतात. घरी सांगितले की सगळे पोट धरून हसतात. मला अजिबात हसू येत नाही!

कारण प्रत्येक पानामागं कोणीतरी तारखेची वाट बघत बसलेलं असतं. या आठवड्यात आमच्या बाकावर वेणूबाई बसल्या होत्या. वलगावला भाजीचा मळा करतात, माहेर बार्शीटाकळीचं. वडिलांनी दीड एकर लेकीच्या नावानं लिहून दिलं होतं. भाऊ आता म्हणतो, दिलंच नाही. तो कागद अकोल्याच्या एका जुन्या दाव्याच्या फाइलीत लावलेला. शुक्रवारी त्याची नक्कल कोर्टात दाखवली नाही, तर जमीन भावाची.

*

सोमवारी फाइल उघडली, तर प्रत्येक पानावर एक बोट! स्कॅन करणाऱ्यानं पान दाबून धरलेलं. चौदा पानं, चौदा वेळा तेच बोट, अंगठीसकट. आणि नेमकं जमिनीच्या चतुःसीमेवर.

मी तणतणत वानखडे साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"मॅडम, बोट दिसतं म्हणजे काम माणसानंच केलं. आनंद माना!"

*

पुन्हा स्कॅन करायला लावलं. बोट गेलं, पण त्याबरोबर अर्धा मजकूरही गेला. पानांच्या मागच्या बाजू घेतल्याच नव्हत्या. माझ्या शेजारी बसणारा गजू कपाळाला हात लावून म्हणाला, "जुन्या लोकाईनं कागद वाचवाले पाठपोट लिवलं ना, थेच चुकलं त्याईचं!"

आम्ही लेखी खुलासा मागवला. स्कॅनिंगवाल्यांचं उत्तर आलं, "मागची बाजू समोरून दिसत नव्हती."

अरे, मग पान उलटा ना! स्कॅनिंगवाल्यांचं ते उत्तर साहेबांनी फाइलला लावूनही घेतलं, बरं का.

*

मंगळवारी मागच्या बाजू आल्या. आता शेताचा नकाशा मोठा निघाला. ए-फोरमध्ये मावेना, म्हणून कोणीतरी कडा कापून टाकल्या. कापलेल्या कडेत विहीर!

साहेब म्हणाले, "विहीर गेली तर गेली. बाकीचं शेत पूर्ण आहे ना?"

 वेणूबाई बाकावरून उठल्या. "बाप्पा! विहीर तुमी नेली, मंग शेतात मी काय तुमचे कागद पेरू?"

गजूला ठसका लागला. साहेबांनी मात्र नकाशा परत पाठवला. एवढं एक काम त्या दिवशी झालं.

*

बुधवारी फाइल एकदाची बरोबर आली. बोट नाही, मागच्या बाजू आहेत, विहीरसुद्धा आहे. कागद तर इतका पांढरा, की कालच लिहिला असावा. मी खूश होऊन शेवटचं पान उघडलं. तिथं "निशाणी डावा अंगठा" असं लिहिलेलं, आणि शेजारी काहीच नाही!

डाग काढणाऱ्या प्रोग्रॅमनं वेणूबाईंच्या वडिलांचा अंगठा डाग समजून पुसून टाकला होता. मूळ कागद तोवर सीलबंद होऊन अकोल्याला रवाना झालेला.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, आता जमीन दिली कोणी, हे कोर्टाला दिसणार कसं?"

"ते कोर्ट बघेल. तुम्ही क्वालिटी बघा मॅडम! एक डाग नाही!"

वेणूबाईंनी स्क्रीनवरच्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं. "इथंच व्हता माया बापाचा आंगठा. मी बाजूलेच बसली व्हती," त्या म्हणाल्या. त्या दिवशी माझ्यानं डबा खाल्ला गेला नाही.

*

मूळ कागद परत मागवायचा तर अर्ज हवा. तो मीच लिहिला आणि वेणूबाईंनी खाली अंगठा उठवला. अर्जही नियमानुसार आधी स्कॅन होतो, मग साहेबांच्या स्क्रीनवर जातो. गुरुवारी सकाळी तो शेऱ्यासकट परत आला.

"अर्जावर अर्जदाराची सही किंवा अंगठा नाही. अर्ज नामंजूर."

तारीख दुसऱ्या दिवसावर आलेली! मी वेणूबाईंना घेऊन थेट साहेबांच्या टेबलाशी गेले. त्यांच्या अंगठ्यावरची शाईसुद्धा अजून गेली नव्हती. तो निळा अंगठा त्यांनी साहेबांच्या नाकासमोर धरला.

"साहेब, मंग हा काय हाय?"

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली आणि ड्रॉवरमधून एक टिश्यू काढून दिला.

"आधी हात पुसा बाई. टेबल खराब होईल."

वेणूबाईंनी टिश्यू घेतला, टेबलावर नीट पसरला. साहेबांचं शाईचं पॅड पुढं ओढलं, अंगठा दाबला, टिश्यूवर उठवला आणि तो टिश्यू साहेबांच्या हातात दिला.

"हे घ्या. लावा माया अर्जाले. अन् याले मशीनमंदी नोका घालू!"