कॉपी काढल्याशिवाय हात नाही

चुतोंग गावच्या बाजारात माझा तांदळाच्या शेवयांचा गाडा आहे आणि समोर फान यून-छिन यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. नवरा गेल्यावर त्यांनी पन्नाशीत पुस्तकं वाचून हे काम शिकून घेतलं. सगळे त्यांना फानताई म्हणतात.

पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली. एका शिक्षिकेच्या कॉम्प्युटरला सीडीसारखी डिस्क वाचणारा ड्राइव्हच दिसेना. अशा दुखण्याचं मूळ बहुतेकदा रजिस्ट्रीत, म्हणजे कॉम्प्युटर आपली सगळी सेटिंग्ज लिहून ठेवतो तिथे असतं. एक नको असलेली ओळ काढली की काम होतं. पण त्याच नावाची ओळ कीबोर्डच्या भागातही असते, आणि ताईंनी नेमकी तीच उडवली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तर कीबोर्ड मेलेला. पासवर्ड टाकणार कशाने? बाईंच्या भावाने मशीन दुसरीकडे नेलं, तिथे सगळं पुसून नव्याने भरून दिलं. वर्गातल्या मुलांचे सहा वर्षांचे फोटो गेले.

ताई संत्र्यांची पिशवी घेऊन माफी मागायला गेल्या. बाईंनी चहा दिला, पण फोटोंचं नावही काढलं नाही. "चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," असं ताई मला नंतर म्हणाल्या.

त्या दिवसापासून रजिस्ट्रीला हात लावण्याआधी त्या तिची कॉपी काढतात, गिऱ्हाइकाच्या फायलीही बाजूला ठेवतात. मग एकच बदल करायचा, मशीन बंद करून सुरू करायचं आणि बघायचं. लोक कंटाळतात, माझ्याकडे शेवया खायला येतात. माझा धंदा त्यावर बरा चालतो.

गेल्या शरदात च्यू आजोबा आपला जुना कॉम्प्युटरचा डबा उचलून आले. ते शाळेतल्या मुलांना आमच्या हक्का लोकांची डोंगरगाणी शिकवतात. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या गायन मंडळाने गायलेल्या गाण्यांची डिस्क त्यांच्याकडे होती, पण ड्राइव्ह गायब. दुसऱ्या दुकानदाराने ड्राइव्ह मेलाय, नवीन कॉम्प्युटर घ्या, असं सांगितलं होतं. एका गाण्याच्या तिसऱ्या कडव्यावरून आजोबांचं आणि मंडळातल्या ल्याओ आजींचं वाजलं होतं. शब्द कुणाचे खरे, ते त्या डिस्कवरूनच कळणार होतं.

ताईंनी लक्षणं विचारली. आजोबांच्या नातीने डिस्क लिहायचा एक जुना प्रोग्राम काढून टाकला होता, त्यानंतर ड्राइव्ह दिसेनासा झाला. ताईंनी मान हलवली आणि कॉपी काढायला घेतली.

"एक ओळ उडवायला एवढा वेळ?" आजोबा कुरकुरले. "माझ्या मुलांनी तेवढ्यात सगळं गाणं पाठ केलं असतं."

"करू देत की," ताई म्हणाल्या. "मी एकदा घाई केली होती आजोबा. आता माझ्याकडून होत नाही."

मी आजोबांना शेवयांची गरम वाटी नेऊन दिली.

त्या प्रोग्रामने मागे ठेवलेल्या दोन ओळी होत्या. ताईंनी ओळीच्या नावाआधी ती कुठल्या भागात आहे ते बोट ठेवून वाचलं आणि पहिली काढली. ड्राइव्ह आला नाही. आजोबांनी सुस्कारा सोडला. दुसरी काढून मशीन सुरू केलं, आणि यादीत ड्राइव्ह दिसला. आजोबांनी स्वतःच्या हाताने डिस्क घातली.

तिसरं कडवं लागलं तेव्हा आम्ही तिघंही ऐकत होतो. शब्द ल्याओ आजींचेच होते. आजोबांनी ते पुन्हा लावून बघितलं, मग आणखी एकदा.

"म्हातारी आता मला जगू देणार नाही," ते हसत म्हणाले. ताईंनी त्यांना गाण्यांच्या दोन प्रती करून दिल्या आणि एक आजींना नेऊन द्या म्हणाल्या.

ते त्याच दुपारी आजींकडे गेले. आजींनी त्यांना दारात उभं करून ते कडवं तीनदा म्हणायला लावलं, मगच आत घेतलं. आता मंगळवारी शाळेत दोघं मिळून शिकवतात. आणि ड्राइव्ह मेलाय म्हणणारा तो दुकानदार आता अशी मशीनं परस्पर फानताईंकडे पाठवतो.