बैठकीतला गारवा

आमच्या देवासच्या घरात पाच तारेवाला एसी आहे, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. ह्यांनीच सांगितलंय. जितके तारे जास्त तितकी वीज कमी खातो, असं दुकानदार म्हणाला, तेव्हापासून ते ताऱ्यांचं स्टिकर हे काढू देत नाहीत. पण ह्यांचा वीज वाचवायचा खरा उपाय निराळाच होता. एसी लावायचाच नाही. तो बसवलाय बैठकीत, आणि बैठक उघडायची ती पाहुणे आले की.

बैठक म्हणजे काही मोठा दिवाणखाना नव्हे हो. कॉलनीतलं साधं घर आमचं, खाली तीन खोल्या, वर एक. त्यातली उत्तरेकडची, सगळ्यांत गार खोली म्हणजे बैठक. भिंतीवर ह्यांच्या पणजोबांचा पगडीतला फोटो, ते संस्थानात कारभारी होते. खोळी घातलेला सोफा, कपाटात चांदीची अत्तरदाणी. घरचं माणूस तिथं बसत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, आणि मी इतकी वर्षं ते बिनबोभाट पाळलं. मुलाबरोबर परगावी राहणाऱ्या आमच्या सुनेला मी हेच सांगायला गेले तर ती हसली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

वरच्या एकुलत्या खोलीत वन्सं राहतात. ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सारा जन्म धारला शाळेत मास्तरीण म्हणून काढला. सासरे लवकर गेले, तेव्हा ह्यांचं कॉलेज, ह्यांची फी, इंदूरला खोली घेऊन राहणं, सगळं वन्संच्या पगारावर झालं. हे कोणी बोलत नाही आमच्याकडे, पण माहीत सगळ्यांना आहे. रिटायर होऊन त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही त्यांना वरची खोली दिली. खिडकीतून माताजीची टेकडी दिसते. ‘ताईला बसल्या जागी दर्शन घडतं,’ असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि मीही मान हलवायची. काय छान वाक्य होतं! त्या वाक्यात स्लॅब कुठंच नव्हता.

आणि स्लॅब म्हणजे मे महिन्यात तवाच. दिवसभर तापायचा आणि दिवे लागल्यावर खालच्या माणसावर सगळं ऊन ओतायचा. वन्संना पंखा होता. कूलर घेऊ म्हटलं तर म्हणाल्या, नको, पाणी कोण चढवणार वर. शिवाय कमी युनिट जळाले की सरकार बिलात सवलत देतं, त्यामुळे महिना भरत आला की हे मीटरसमोर उभे राहायचे. वन्सं मग पंखाही एकवर ठेवायच्या. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या जिन्यात बसलेल्या सापडल्या, ओठ कोरडे, डोळे भलतीकडेच. सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, पुढच्या वेळी उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही. आजींना गर्मीपासून लांब ठेवा.

ठेवा म्हणजे कुठे ठेवा? आमच्या खोलीत आम्ही दोघं. दुसऱ्या खोलीत देवघर आणि धान्याच्या कोठ्या. तिसरी बैठक. खरं सांगते, बैठक माझ्या मनातसुद्धा आली नाही. घरात देव्हारा असतो तशी ती होती, तिथं कुणी झोपतं का!

अशातच शेजारच्या भाभी सांगत आल्या, की निगमवाले, म्हणजे महापालिकेचे लोक, छतांना पांढरा लेप लावून देताहेत, सरकारी खर्चानं. ऊन परतून जातं, खोली गार राहते, पंखा-कूलर कमी लागतो. अट एवढीच, की छताखालच्या खोलीत म्हातारं किंवा आजारी माणूस राहत असलं पाहिजे. मला वाटलं, माताजीनंच धाडलं हे. मी भाभींबरोबर जाऊन नाव लिहून आले, ह्यांना न विचारता.

घरी महाभारत झालं. ह्यांचं म्हणणं, आपण काय मागणारे आहोत? पणजोबांच्या हातून लोकांना मदत जायची, आणि मी निगमच्या खिडकीशी हात पसरून आले. मी म्हटलं, बिलातली सवलत बरी चालते तुम्हाला. त्यावर म्हणे, ती मागावी लागत नाही, आपसूक येते. घ्या! शेवटी मी डॉक्टरांचे शब्द ऐकवले, तेव्हा वाद थांबला.

निगमच्या मॅडम आल्या त्या ऐन दुपारी. पन्नाशीच्या असतील, घामानं भिजलेल्या, हातात छताची गर्मी मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्यांना तडक वर नेलं असतं, त्या भट्टीत एक मिनिट उभं केलं असतं. आम्ही काय केलं? सरकारी माणूस दारात आल्यावर आमच्या घराण्यात जे करतात तेच. हे धावत जाऊन बैठक उघडून आले, एसी लावला, सोफ्याच्या खोळी काढल्या. मी चांदीच्या पेल्यात पन्हं आणलं. आदल्या दिवशी ह्याच बाईंच्या दारात जायची ह्यांना लाज वाटत होती, आणि आता त्यांनी आमची गरिबी पाहू नये म्हणून आमची धावपळ. मीसुद्धा त्यात होते. अत्तरदाणी बाहेर काढायची मलाच सुचली.

आवाज ऐकून वन्सं खाली आल्या. माहेश्वरी नेसल्या होत्या, डोक्यावर पदर. बैठकीच्या उंबऱ्याशी स्टूल घेऊन बसल्या, आत नाही. मॅडम गार हवेत जरा सैलावल्या, यंत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘तो माताजी ऊपर रहती हैं?’

मी तोंड उघडणारच होते. वन्सं माझ्याआधी बोलल्या, शाळेत बोलत असतील तशा स्वच्छ हिंदीत. ‘नहीं जी. मैं तो यहीं सोती हूँ, इसी कमरे में. भाई ने मेरे ही लिए एसी लगवाया है. ऊपर तो सामान पड़ा है.’

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली फरशीकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं. ‘ताई खोटं बोलते आहे’, एवढं दोघांतल्या कुणी तरी म्हणायचं. हे बोलले नाहीत. मीही नाही. कसं बोलणार? मॅडमनी पुढचं विचारलं असतं, की मग ही एवढी गार खोली असताना माताजी वर का झोपतात? त्याला आमच्याकडे काय जवाब होता?

मॅडमनी पन्हं संपवलं. म्हणाल्या, मग जिना चढायची गरज नाही, लेप दुसऱ्या कुणाला तरी जास्त उपयोगी पडेल. निघताना वन्संचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘नसीबवाली हैं आप. ऐसे भाई-भाभी किसको मिलते हैं.’ मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वन्सं हसून हो म्हणाल्या.

फाटक वाजलं, आणि ह्यांचा हात आपोआप रिमोटकडे गेला. एसी बंद झाला. वन्संनी स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि भिंतीला हात लावत जिना चढू लागल्या.

‘वन्सं, का असं बोललात तुम्ही?’ मी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला.

त्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबल्या. ‘मग काय सांगू, वहिनी? माझा भाऊ मला भट्टीत झोपवतो, असं परक्या बाईला सांगू? त्याच्याच घरात बसून?’

त्यांना माहीत होतं. हेच मला आजवर पचलेलं नाही. मला वाटायचं, त्या भोळ्या आहेत, टेकडीच्या दर्शनात खूश आहेत. त्यांना सगळं कळत होतं, बैठक रिकामी आहे हे कळत होतं, आणि आमची लाज झाकण्यासाठी त्या वर तापत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत वन्सं होत्या.

आणि मी तरी काय केलं होतं? सरकारनं गच्ची पांढरी करून द्यावी म्हणून धावले. का, तर माझं एक दार उघडावं लागू नये.

मी वर गेले, त्यांची गादी गुंडाळली आणि खाली आणली. बैठकीत सोफा भिंतीला सरकवला. हे दारात उभे होते. मला वाटलं आता बोलतील, म्हणून मी तयारच होते भांडायला. ते पुढे आले, सोफ्याचं दुसरं टोक धरलं, आणि मग रिमोट उचलून एसी लावला. ‘ताई, ये,’ एवढंच म्हणाले.

वन्सं आल्या. उंबऱ्यावर क्षणभर अडल्या, मग आत येऊन गादीच्या कडेला बसल्या, पाहुणी बसते तशा. फोटोकडे पाहिलं, पदर सारखा केला. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, ‘वहिनी, गादी फार पसरू नका. कुणी आलं तर पटकन गुंडाळता यायला हवी. मी जाईन वर.’

शेजारच्या भाभींच्या गच्चीला लेप लागला. आमच्या जिन्यातून ती पांढरी गच्ची डोळ्यांवर येते. आमची काळीच आहे. हे एकदा म्हणाले, पुन्हा निगममध्ये जाऊन बघू का? मी विचारलं, काय सांगणार तिथं? तेव्हापासून तो विषय नाही.

वन्सं बैठकीतच झोपतात. पण रोज सकाळी आम्ही उठायच्या आत त्या गादी गुंडाळून सोफ्यामागे लपवतात, खोळी सारख्या करतात, एसी बंद करतात. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. चहा झाला की मी जाते आणि ती गादी पुन्हा पसरते.