सुपाचा पंखा

गोविंदाचा थोरला सांगायला आला तेव्हा मी करवतीला धार लावत होतो. "काका, बाबा गेले," म्हणाला. मी कानस थांबवली नाय. दोनचार दाते वाकडे घासले गेले, मग उठलो... आता महिना होईल. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, तरी हे मीच लिहिणार. कारण त्याच्या पंख्याबद्दल लोक भलतंच सांगतात. तो पंखा मी बांधला होता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. खर्डी स्टेशनाजवळ एका शेठची लाकडाची वखार होती. मी करवतीवर, गोविंदा ऑफिसात टेबलावर. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. चैत्रात आत चुलीशिवाय भाकरी भाजली असती. गोविंदाला घाम असा, की लिहिता लिहिता पावतीवर टपटप पडायचा, शाई पसरायची, आणि साग कुठला नि ऐन कुठला ते कळायचं नाय. शेठनं सुनावलं, "आणखी एक पावती भिजली तर बाहेर उन्हात ओंडके मोजायला बस." नेमकी तेव्हाच सिद्धगडाखालच्या गावातून त्याला मुलगी सांगून आली होती. मुलीच्या बापाची अट एकच, जावई सावलीत टेबलावर बसणारा पाहिजे. मुलगी गोविंदानं मुरबाडच्या बाजारात आधीच बघितली होती. तेव्हापासून त्याला जेवण जात नव्हतं. टेबल गेलं तर ती गेली, एवढं सरळ होतं.

मी घरातलं फाटकं सूप आणलं, वाशाला टांगलं. दोरी कडीतून घेऊन टेबलाखाली त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधली. पाय हलला की सूप हलायचं, डोक्यावर वारा, हात लिहायला मोकळे. म्हटलं, "सायबाला पंखा ओढायला माणूस लागतो रे, तुला अंगठा पुरे."

आणि मुलीचा बाप न सांगता आला, उन्हातनं चालत. गोविंदा पाया पडायला उठला, तर दोरीनं त्याला परत बसवलं. म्हाताऱ्यानं वर बघितलं, मग दोरीवरून नजर खाली, खाली, टेबलाखाली.

"सुपाला पाय? ज्यात भात पाखडायचा, बाळ निजवायचं, त्याला पाय लावतोस?"

आमी दोघंही भातवाल्यांच्या घरचे, पण हे काय डोक्यात आलं नव्हतं. फाटक्या सुपात कुठली आलीय लक्ष्मी, असं मी आजही म्हणतो. गोविंदानं मात्र मुकाट्यानं दोरी सोडली. बाहेर भरलेली गाडी पावतीसाठी खोळंबलेली. तो लिहायला लागला आणि कपाळावर घाम जमला. म्हातारा बघत होता. त्याचाही सदरा पाठीला चिकटलेला. शेवटी त्यानंच दोरी हातात घेतली. "लिही तू. हातानं ओढलं तर चालतं."

तो ओढतोय, हा लिहितोय, आणि दारात शेठ.

"हा पंखेवाला कुणी ठेवला? ह्याचा पगार कोण देणार?"

म्हातारा स्वतःच्या शेतीचा, मानाचा माणूस. तोंड काळंठिक्कर पडलं. म्हटलं, मोडलं लग्न... गोविंदा उभा राहिला. "पंखेवाला नाय, शेठ. सासरे आहेत माझे."

शेठ खोकत निघून गेला. म्हातारा गुरगुरला, "अजून मी हो म्हटलं नाय."

"मग दोरी सोडा की," मी म्हटलं.

"गप रे! पोराची शाई पसरंल."

वैशाखात लग्न झालं.

पुढं घरात विजेचा पंखा आला, पण त्याचा वारा गरम लागतो म्हणून गोविंदा जेवताना तो बंद करायला लावायचा. मग वहिनी हातपंखा घेऊन बसायच्या. परवा गेलो तर मला ताट वाढलं आणि सवयीनं समोर बसून वारा घालायला लागल्या. मी घामानं भिजलेला, वारा सगळा भिंतीकडच्या रिकाम्या पाटाकडं. दोनदा सरकून बसलो. शेवटी म्हटलं, "वहिनी, मला काय लागत नाय वारा."

"तुमच्यासाठी नाय तो, भावजी. जेवा तुमी."